१४ वर्षांचं दप्तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवतेय; आकडे जुळले, पण विश्वास बसत नाही

चौथी_खुर्ची

आमची फर्म लहान आहे. चार वकील, दोन मदतनीस आणि आठवड्यातून तीन दिवस हिशेबाला येणारे एक गृहस्थ. १४ वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर प्रकरणं, तारखा, बिलं सगळं ठेवलं ते ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर चालतं. आता ते बनवणाऱ्यांनी कळवलंय की तीन महिन्यांनी मदत बंद. नवं ठरलंय, ब्राउझरमध्ये चालणारं. (कोणतं, हे विचारू नका. त्या वादात आमचे चार महिने गेलेत.) हलवाहलवीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण प्रिंटर अडला की सगळे मलाच हाक मारतात.

जुन्यात ६,२१२ प्रकरणं आहेत, चालू त्यातली ३८० च्या आसपास. नव्या कंपनीने चाचणी म्हणून एकदा सगळं इम्पोर्ट करून दाखवलं. अहवालात ६,२१२ पैकी ६,२१२ यशस्वी, समोर हिरवी खूण. मी सहज माझंच एक प्रकरण उघडलं. आमचा फाईल क्रमांक असतो ११/२०१९ असा, म्हणजे त्या वर्षातली अकरावी फाईल. तिथे लिहिलं होतं ‘नोव्हें-१९’. दुसरं उघडलं, तर अपिलाची शेवटची तारीख एक दिवस अलीकडे सरकलेली. तिसऱ्यात एकच बाई तीनदा. दोनदा आमची अशील आणि एकदा विरुद्ध पक्षकार. (हे शेवटचं दुर्दैवाने खरं आहे. एका प्रकरणात त्या आमच्याकडे होत्या आणि बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एकात समोर.)

कंपनी म्हणते, “हे किरकोळ आहे, नंतर दुरुस्त करता येईल.” मला विचारायचंय ते असं: सगळं हलवायचं की फक्त चालू? अशिलांच्या अनामत रकमांचं काय करायचं? आणि ६,२१२ फाईली मी एकटी उघडून बघू शकत नाही, तर तपासायचं कसं?

क्वेरीवाला

‘नोव्हें-१९’ एक्सेलने केलंय. कुणीतरी मधे सीएसव्ही फाईल (नोंदी स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेली साधी मजकूर फाईल) डबल-क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली. ११/२०१९ दिसलं की एक्सेल त्याला नोव्हेंबर २०१९ समजतं. १३/२०१९ ला हात लावत नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे प्रत्येक वर्षाच्या पहिल्या १२ फाईलीच बिघडल्या असणार, बाकीच्या शाबूत. कंपनीच्या माणसाने नमुना म्हणून ४३२/२०१९ बघितला असेल तर त्याला काहीच दिसलं नसणार.

दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीतही हीच बाराची गोम आहे. २५/०३ उलटं वाचलं तर इम्पोर्ट अडतो आणि तुम्हाला कळतं. ०५/०३ उलटं वाचलं तर काही अडत नाही; ५ मार्च गुपचूप ३ मे होतो. तेव्हा तारखा तपासताना महिन्याच्या १ ते १२ या दिवसांच्या तारखा आधी बघा.

तसंच सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ आकड्यांपेक्षा लांब क्रमांकांचे पुढचे आकडे शून्य होतात. बँक खाते क्रमांक ठेवत असाल तर बघाच. सीएसव्ही उघडायचीच असेल तर एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून घ्या आणि प्रत्येक कॉलम ‘मजकूर’ म्हणून सांगा. त्याहून बरं म्हणजे उघडूच नका, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा.

एक दिवस मागे गेलेली तारीख हा वेळेच्या पट्ट्याचा घोळ वाटतो. जुन्यात ती तारीख रात्री ००:०० वाजताची नोंद म्हणून पडलेली असते. नवं सॉफ्टवेअर ती युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलतं. तुमचं घड्याळ युटीसीच्या पुढे असेल तर ती क्षणात आदल्या दिवशीची संध्याकाळ होते. मुदतीच्या तारखा ‘फक्त तारीख’ म्हणून इम्पोर्ट करा, वेळ लावू नका, असं कंपनीला लेखी सांगा.

शेवटचं. जुन्या सर्व्हरवरच्या कागदपत्रांचा फोल्डर उघडून बघा. अनेक जुन्या प्रणाल्यांत फाईली ०००४८३ अशा नावांनी असतात. कोणती फाईल कोणत्या प्रकरणाची आणि तिचं खरं नाव काय, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. तसं असेल तर नुसता फोल्डर कॉपी करून काही उपयोग नाही. लायसन्स संपायच्या आत पूर्ण डेटाबेसचा बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का बघा, आणि मग झोपा.

जुनी_फाईल

ताई, मी वकील नाही. मुख्य लिपिक, २२ वर्षं. असं स्थलांतर दोनदा केलं, एकदा वाईट आणि एकदा बरं. वाईट आधी सांगतो.

पहिल्या वेळी नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती: प्रकरण नोंदलं की अशिलाला आपोआप मेल. आम्हाला ती आवडली होती, दाखवताना तिचंच कौतुक केलं होतं सगळ्यांनी. इम्पोर्टच्या वेळी ती चालूच राहिली. दुपारी चारला प्रकरणं आत जायला लागली आणि पाचच्या सुमारास फोन. “आपलं प्रकरण आमच्याकडे नोंदवलं आहे, लवकरच संपर्क साधू” असा मेल दीड हजार लोकांना गेला होता. त्यात घटस्फोट होऊन सात वर्षं झालेले होते. नवा दावा कुणी लावला म्हणून घाबरलेले होते. एक गृहस्थ वारलेले होते, त्यांच्या मुलीने फोन केला. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिला काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

म्हणून पहिलं काम: सगळे आपोआप जाणारे मेल, संदेश, कॅलेंडरची आमंत्रणं बंद. तोंडी “बंद केलंय” चालणार नाही. स्वतःचा पत्ता अशील म्हणून टाकून एक खोटं प्रकरण आत घाला आणि दिवसभर वाट बघा.

आता तुमचा प्रश्न, सगळं की चालू. नावं सगळी, कागद मोजके. निकाली प्रकरणांचे कागद सांभाळण्याची जितकी मुदत तुम्हाला लागू असेल तितके दिवस ते वाचता येतील असे कुठेतरी ठेवा. ते नव्या सॉफ्टवेअरमध्येच असले पाहिजेत असं नाही. पण प्रत्येक निकाली प्रकरणातली पक्षकारांची नावं, दोन्ही बाजूंची, नव्यात हवीतच. उद्या कुणी नवा माणूस दारात आला तर त्याच्याविरुद्ध आपण कधी उभे होतो का, हे त्या नावांवरूनच कळतं. पहिल्या वेळी आम्ही जागा वाचवायला जुनं सगळं मागे ठेवलं. आठ महिन्यांनी आमच्याच जुन्या अशिलाविरुद्धचं काम आम्ही घेतलं आणि परत केलं. फीही गेली आणि तोंडही.

तुमच्या त्या तीनदा आलेल्या बाई. घाईने एकत्र करू नका. नाव सारखं म्हणून माणसं एकत्र करायला गेलो तेव्हा आम्ही एका बाप-लेकाला एक केलं होतं, आणि ते दोघं एकमेकांविरुद्ध भांडत होते. एकत्र करणं एका बटणाचं काम, सोडवणं महिन्याचं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अशील’ हा शिक्का माणसाच्या नावावर लागतो की माणूस आणि प्रकरण यांच्या नात्यावर, ते विचारा. माणसावर लागत असेल तर त्या बाई आयुष्यभर अशीलच राहतील, आणि समोर होत्या ते प्रकरण मुकं होईल. चालू प्रकरणांतली माणसं तेवढी हाताने नीट करा. बाकीची दुहेरी राहू देत. दुहेरी नाव शोधताना दोनदा दिसतं एवढंच. चुकीचं एकत्र केलेलं दिसतच नाही.

तपासणीचं. वाटेल त्या शंभर फाईली बघू नका, त्या शंभरही साध्याच निघतील. वाकड्यातिकड्या निवडा. सगळ्यात जास्त पक्षकार असलेली. सगळ्यात जुनी. बंद होऊन परत उघडलेली. पैसे परत केलेली. एका वकिलाकडून दुसऱ्याकडे गेलेली. नावात कंस, अवतरण चिन्ह नाहीतर चमत्कारिक जोडाक्षर असलेली. अशा ३० पुरतात. मदतनिसांना विचारा “कोणत्या फाईलने आपल्याला सगळ्यात जास्त छळलं?” दहा तर एका दमात सांगतील.

तारखांना मात्र नमुना नाही. चालू ३८० प्रकरणांतली एकूण एक तारीख डोळ्याने बघायची. जुन्यातून पुढच्या ९० दिवसांचं कॅलेंडर छापा, शिवाय मुदतीच्या सगळ्या तारखा, मग त्या तीन वर्षांनंतरच्या का असेनात. ज्याची प्रकरणं त्या वकिलाने नव्याशी ताडून पानापानावर सही करायची. कुरकुर होईल. आमच्याकडे थोरल्या साहेबांनी सही केल्यावर बाकीचे गप्प झाले.

शून्य_शिल्लक

हिशेब बघणारा म्हणून फक्त पैशाबद्दल.

अनामत रकमांचा १४ वर्षांचा एकेक व्यवहार नव्यात आणायच्या फंदात पडू नका. महिनाअखेरीला जुनं बंद करा आणि प्रत्येक अशिलाची त्या दिवशीची शिल्लक नव्यात ‘सुरुवातीची शिल्लक’ म्हणून घाला. त्याआधी तीन आकडे जुळले पाहिजेत: बँकेच्या विवरणपत्रातला (न वटलेले धनादेश आणि वाटेतल्या रकमा धरून), अनामत खात्याच्या खतावणीतला, आणि एकेका अशिलाच्या शिल्लकांची बेरीज. पहिले दोन जुळले आणि तिसरा नाही असं झालं तर एखादी रक्कम कुणाच्याच नावावर पडलेली नाही, नाहीतर चुकीची किंवा दोनदा पडलीय. ते जुन्यातच निस्तरा. चूक नव्यात नेलीत की ती स्थलांतराची चूक म्हणून कायमची तिथे बसेल. एका जरी अशिलाची शिल्लक उणे दिसली तरी थांबा.

जुने व्यवहार पीडीएफमध्ये काढून ठेवा, अशिलागणिक एक.

आणि वेळेच्या नोंदी बघा. जुन्यात १.३० म्हणजे दीड तास असेल आणि नवं दशांशात मोजत असेल तर तो एक तास १८ मिनिटं होतो. अशा प्रत्येक नोंदीमागे १२ मिनिटं हवेत जातात, आणि नोंदींची संख्या मात्र अगदी बरोबर येते. न बिललेल्या तासांची एकूण बेरीज दोन्हीकडे काढून बघा.

चौथी_खुर्ची

सगळ्यांचे आभार. शून्य_शिल्लक, आमच्या हिशेबाच्या गृहस्थांना तुमचं वाचून दाखवलं. ते “मी हेच म्हणत होतो” म्हणाले. ते हे कधीच म्हणाले नव्हते.

जुनी_फाईल, मेलची सोय चालूच होती. चाचणीच्या वेळी कंपनीने अशिलांचे मेल पत्ते अजून घातले नव्हते, केवळ म्हणून वाचलो. नव्या आठवड्यात ते घालणार होते.

एक विचारायचं राहिलं. काही दिवस दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवायची का? थोरल्यांना तसं हवंय, सुरक्षित वाटतं म्हणतात.

जुनी_फाईल

नको. दोन्हीकडे लिहायचं म्हटलं की पहिले चार दिवस दोन्हीकडे लिहितात, मग ज्याला जे सोयीचं तिथे. दोन आठवड्यांनी दोन अर्धी दप्तरं हातात. शुक्रवारी संध्याकाळी जुनं फक्त वाचण्यापुरतं करा, सोमवारपासून लिहायचं ते नव्यातच. थोरल्यांना त्यांच्या टेबलावर छापील कॅलेंडर द्या. सुरक्षित वाटायला ते पुरतं.

क्वेरीवाला

सहमत. आणि जुनं ‘वाचण्यापुरतं’ म्हणजे परवानग्या बदलून. ईमेलने विनंती करून नव्हे.

चौथी_खुर्ची

तीन आठवड्यांनी परत आले. दुसरी चाचणी झाली. तारखा फक्त तारीख म्हणून आल्या, ३८० च्या ३८० प्रकरणांच्या पानांवर सह्या झाल्या, एक सही मी कॉफी मशीनपाशी उभं राहून मिळवली. अनामतीत एक फरक सापडला, तो सहा वर्षं जुना निघाला आणि जुन्यातच मिटवला.

क्वेरीवाला, तुमचा बाराचा हिशेब मी पहिल्या चाचणीच्या फाईलीवर करून बघितला. १४ वर्षं, दर वर्षी १२, म्हणजे १६८ क्रमांक बिघडलेले सापडायला हवेत. सापडले १६७. मला वाटलं एक फाईल वाटेत हरवली. जुन्यात बघितलं, तर ९/२०१४ तिथेही नाही. आठनंतर थेट दहा.

आमच्या थोरल्या मदतनीस बाईंना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तो क्रमांक मी दिला होता आणि मग खोडला. त्या माणसाचा भाऊ आपला अशील होता, साहेबांनी काम घेतलं नाही.” त्याने तासभर बसून सगळी हकिकत सांगितलेली, कागदही दाखवलेले. नाव कुठेही नोंदलेलं नव्हतं. ना जुन्यात, ना कागदावर. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

जुनी_फाईल

आजच बसा त्यांच्याजवळ वही घेऊन. असा माणूस एकटाच नसणार.

चौथी_खुर्ची

बसले होते. २३ नावं निघाली.