संमतीच्या आधी नाटक: बाई ‘नको’ म्हणते तो प्रवेश ठेवायचा की काढायचा?

मलप्रभाकाठची

मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आरोग्य संशोधनाच्या कामावर घरोघरी फिरते. माहितीपत्रक वाचून दाखवायचं, शंका विचारून घ्यायच्या, संमतिपत्रावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात गर्भवतींच्या रक्तक्षयाचा एक छोटा अभ्यास होता: लोहाची गोळी रोज दिलेली बरी, की एक दिवसाआड? एका घरात मी चार पानं वाचत होते आणि बाई भाकरी थापत मान डोलवत होती. तिसऱ्या पानावर ‘यादृच्छिक पद्धतीने’ (म्हणजे कुणाला कुठली गोळी ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं) असा शब्द आला. तिथं मीच अडखळले. ती म्हणाली, “सही कुठं करू तेवढं सांगा की वो, तवा तापलाय.”

सही मिळाली. पण ती संमती होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून गावातल्या भजनी मंडळाच्या बायकांना धरून वीस मिनिटांचं नाटक बसवलं. भिशी आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर ‘रोज’, दुसरीवर ‘दिवसाआड’. नाटकातली गरोदर बाई चिडते: “चिठ्ठी कशाला? कुठलं बरं ते डॉक्टरांनी सांगावं!” नाटकातला डॉक्टर म्हणतो, “मलाच माहीत नाही, म्हणून तर.” तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, “तुला माहीत नाही तर आलास कशाला रे?” हसू झालं, पण त्यानंतर अर्धा तास नुसते प्रश्न. चार पानांनी जे झालं नव्हतं ते त्या तांब्यानं केलं.

शेवटच्या प्रवेशात एक सून ‘नको’ म्हणते. सासू रागावते. सिस्टर म्हणते, “बरं बाई, तपासणीला मात्र येत जा, गोळ्या तुला तशाही मिळणार.” हा प्रवेश काढा, लोक बिथरतील, असं मला वरून सांगण्यात आलंय. माझं मत, तो काढला तर उरते ती जाहिरात. तुम्हाला काय वाटतं?

पीएचसीतला जुना

ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रातला (पीएचसी) जुना डॉक्टर. तुमची तळमळ कळते, पण माझा विरोध प्रवेशाला नाही, अख्ख्या नाटकालाच आहे. नाटकानं माणूस हलतो. संमती देताना माणूस हललेला नको, थाऱ्यावर हवा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या नीतितत्त्वांत संमती समजून, स्वेच्छेनं आणि कुठल्याही दबावाविना असावी असं सांगितलंय. भर चौकात, शेजारपाजारच्या देखत टाळ्या पडल्यावर दुसऱ्या दिवशी ‘नको’ म्हणायला किती बायकांचं धाडस होईल?

आणि आपल्या जिल्ह्यानं काय केलंय ते विसरू नका. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतच तपासलं गेलं. 2002 ते 2005, 1620 बायका. गोळ्या दिल्या एएनएम सिस्टरांनी, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी परिचारिकांनी. रक्त मोजायला बाळंतिणीखाली मोजपट्टी छापलेली प्लास्टिकची पिशवी असायची. 500 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगानं दखल घेतली. असली कामं सिस्टरांवरच्या विश्वासावर उभी राहतात, नाटकावर नाही.

मलप्रभाकाठची

डॉक्टर, तुमच्याच उदाहरणावर बोलू. त्या 1620 पैकी 812 जणींना औषध मिळालं, 808 जणींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय ते सिस्टरलाही कळू द्यायचं नसतं. आता ही गोष्ट दिवस भरलेल्या बाईला, तिच्या आईला, सासूला समजावून सांगायची म्हणजे किती अवघड! सिस्टरांवर विश्वास होता हे खरंच. पण विश्वासानं सही मिळते, समज मिळतेच असं नाही. “सिस्टर म्हणतात म्हणजे चांगलंच असणार” हे वाक्य मी आठवड्यातून दहादा ऐकते आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

चौकातल्या दबावाचं तुमचं म्हणणं मात्र मनाला लागलंय. त्यावर विचार करते.

संबळवाला

आम्ही गोंधळी. कलेनं आरोग्य सांगा म्हणणारे दर पाच वर्षांनी आमच्या दारात येतात. टाइप केलेला कागद हातात देतात: देवीच्या नमनानंतर हे चार मुद्दे घ्या. एक शब्द बदलायची मुभा नाही. आम्ही काय भोंगा आहोत?

जुनी गोष्ट सांगतो. एचआयव्हीचा बोलबाला होता तेव्हा एका पथकात मी संबळ वाजवला. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरची गावं. नाटकात रोग घेऊन येणारी कोण, तर कपाळभर भंडारा लावलेली, देवीला वाहिलेली जोगतीण. 1982 साली कर्नाटकानं देवदासी प्रथाबंदीचा कायदा केला, पण माणसांच्या नजरेवर कायदा चालत नाही. खेळ संपल्यावर परडी घेऊन बसलेल्या एका मावशीकडं पोरं बोट दाखवायला लागली. ती परडी उचलून गेली. मी तिच्यासमोरच वाजवत होतो, हे आजही डोक्यातून जात नाही. माहिती खरी होती का, तर होती. पण नाटकानं त्या बाईचं नुकसान केलं.

गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. ते जमणार असेल तर कलेचं नाव घ्या. ताईंच्या नाटकात म्हातारीला ओरडायला जागा आहे, म्हणून मी ताईंच्या बाजूनं. ‘नको’चा प्रवेश काढला तर मात्र मी तुमच्या विरोधात.

निपाणीची लेक

माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, दोरा. हजार विड्यांवर मजुरी. एक अभ्यासवाले आले आणि बायकांना छोटे कॅमेरे दिले: तुम्हाला आरोग्याबद्दल जे सांगायचंय त्याचे फोटो काढा. ही पद्धत 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेडुत बायकांसोबत घडवली गेली, तिला फोटोव्हॉइस म्हणतात.

त्यांच्या प्रश्नावलीत सगळा भर खोकल्यावर होता. आईनं फोटो काढला पाळण्याचा. पाळण्याखाली तंबाखूची पिशवी, कारण घरात दुसरी कोरडी जागा नव्हती. शेजारणीनं काढला स्वतःच्या मानेचा, आरशात बघून. त्यानंतर प्रश्नावली बदलली, मानेचं आणि पाठीचं दुखणं आत आलं, घरातल्या लहान मुलांचे प्रश्न आले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कला फक्त समजावून सांगायला असते हे मला पटत नाही. अभ्यासात काय विचारायचं तेही ती ठरवू शकते.

पण पुढचंही सांगते. त्या फोटोंचं प्रदर्शन लागलं दूरच्या शहरात. आईला कुणी बोलावलं नाही. निकाल काय निघाला तेही कुणी येऊन सांगितलं नाही. ती अजून विचारते, “माझा पाळणा कुठं टांगलाय गं?”

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून एक मुद्दा. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ संस्थेनं बायकांचे गट चालवले. चित्रांची कार्डं, गोष्टी, खेळ. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, गट असलेल्या भागांत नवजात बाळांचे मृत्यू 32 टक्क्यांनी कमी आढळले. पण तिथं बैठका महिन्याच्या महिन्याला होत्या, तीन वर्षं. वीस मिनिटांच्या एका खेळाला त्याच्या शेजारी बसवू नका. कला म्हणून जे खपवलं जातं ते बहुतेक वेळा एकदाच होतं, फोटो निघतात आणि अहवालात जातात.

बेळगुंदीचा

भाषेचं कुणीच काढलं नाही. आमच्या भागात घरात मराठी, दवाखान्याच्या पाटीवर कन्नड आणि संमतिपत्राची मूळ प्रत इंग्रजीत. मराठी भाषांतर मिळतं तेही असं की वाचून घाम फुटावा. श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याचा खेळ कन्नडमध्ये असतो, तरी आमची मराठी माणसं रात्रभर बसून बघायची. नाटकात दोन्ही भाषा सहज नांदतात, कागदावर भांडतात. ताई, तुमचा नाटकातला डॉक्टर कन्नड बोलतो का? बोलत असेल तर सिस्टर मराठीत सांगते कसं, तेही दाखवा. खरी गफलत तिथंच होते.

पीएचसीतला जुना

संबळवाल्यांचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझ्याच काळातली पथकं ती. तेव्हा गर्दी किती जमली एवढंच आम्ही मोजायचो.

तरी एक विचारतो. ताई, तुमच्या नाटकात सून ‘नको’ म्हणते आणि सासू रागावते. समोर खऱ्या सासवा बसलेल्या. सुनेनं नाही म्हटलं की रागवायचं असतं, असा त्यांनी अर्थ घेतला तर? नाटकातली सून वीस मिनिटांत सुटते, खरीला घरी जायचंय.

मलप्रभाकाठची

डॉक्टर, हे मला सुचलंच नव्हतं.

दोन गोष्टी ठरवल्यात. खेळाच्या दिवशी कुणाचीही सही घ्यायची नाही. निदान तीन दिवस जाऊ द्यायचे आणि मग घरी, बाई एकटी असताना विचारायचं. आणि निकाल लागला की तेच भजनी मंडळ त्याच चौकात तो सांगणार. निपाणीच्या ताईंच्या आईसारखं कुणाला विचारत बसावं लागू नये. ‘नको’चा प्रवेश काढायचा नाही, हे वरिष्ठांना लेखी दिलंय. उत्तर आलेलं नाही.

सासूचा प्रश्न काल तालमीत बायकांपुढं ठेवला. सासूचं काम करणारी बाई बराच वेळ तांब्यातल्या चिठ्ठ्या चाळवत बसली. मग म्हणाली, “तर मी रागवत नाही. मी नुसती उठतो, सुनेच्या हातातलं पिठाचं ताट घेतो आणि भाकऱ्या मी थापतो. तिला सिस्टरसंगट बोलू दे.”

रविवारी तसं करून बघतोय.