मदत हवी आहे: डॉस ७.१० वर बाबांचा पत्रिकेचा प्रोग्राम चालत नाहीये

रामबाग_इंदूर
कोणीतरी लवकर सांगा. बाबा पंचवीसेक वर्षं डॉसवरच्या (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टीम) एका प्रोग्रामवर पत्रिका करतात, मागच्या आठवड्यात जुना पीसी गेला, दुसऱ्यावर नेटवरून ते सुटं डॉस ७.१० उतरवून टाकलं, सी प्रॉम्प्ट येतो, फाइलींची यादी दाखवणारं डीआयआर चालतं, पण प्रोग्राम सुरू केला की लगेच परत प्रॉम्प्ट. कॉपीच खराब आहे का? परवा एका मुलीची पत्रिका द्यायचीय, बाबा सकाळपासून तीनदा विचारून गेले.

जुनं_ते_सोनं
मायक्रोसॉफ्टने ७.१० सुटं कधी विकलंच नाही. दुकानात मिळणारं शेवटचं ६.२२, १९९४ चं. ७.१ विंडोज ९५ च्या नंतरच्या आवृत्तीच्या आणि ९८ च्या पोटात होतं, ते बाहेर काढून कोणीतरी इन्स्टॉलर बांधला. लायसन्स नाही त्याला. फ्रीडॉस टाका, डॉससारखीच दुसऱ्यांनी लिहिलेली सिस्टीम, फुकट आणि कायदेशीर.

रामबाग_इंदूर
६.२२ आधी टाकलं होतं, ८० जीबीच्या डिस्कवर २ जीबीच्या वर पार्टिशन होईना. म्हणून हे.

मेमरीवाला
डॉसच्या सेटिंगची फाइल कॉन्फिग डॉट सिस, तिच्यात ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर टाका, एकावेळी उघडायच्या फाइल्स ४० करा. माझं टॅली त्यानेच चाललं होतं.

ग्वाल्हेरचा_अभि
एवढा खटाटोप कशाला, विंडोजच्या आतच डॉस चालवणारं डॉसबॉक्स घ्या. मी सगळे जुने गेम त्यातच खेळतो.

जुनं_ते_सोनं
पत्रिका कागदावर द्यायची आहे अभि. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही.

ग्वाल्हेरचा_अभि
मग डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात आहे.

बडोदेकर_मावशी
अरे आधी त्याला विचारा तरी! स्क्रीनवर काय येतं? जुना पीसी कुठला, नवा कुठला? प्रोग्राम कशात लिहिलाय?

रामबाग_इंदूर
मावशी, प्रोग्राम सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये शेवटी स्क्रीन पुसणारं सीएलएस होतं म्हणून काही दिसतच नव्हतं, ते काढलं तर रनटाइम एरर २०० येतंय. आधी पेंटियम १०० होता, आता पेंटियम ४. प्रोग्राम बाबांच्या मित्राने टर्बो पास्कल या भाषेत लिहून दिलेला, ते काका आता नाहीत.

बडोदेकर_मावशी
मग डॉसचा दोष नाही, फ्रीडॉसवरही हेच येईल. टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट (प्रोग्रामला जोडलेला तयार कोड) सुरू होताना डिलेसाठी, म्हणजे ठरावीक वेळ थांबता यावं म्हणून, प्रोसेसरचा वेग मोजतं, वेगवान मशीनवर भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि २०० येतो, म्हणजे शून्याने भागल्याचा एरर. प्रोग्रामची ईएक्सई फाइल पॅच, म्हणजे दुरुस्त, करणारी छोटी टूल नेटवर मिळतात. आधी ईएक्सईची कॉपी काढून ठेव. फाइल लहान करणाऱ्या पीकेलाइटने दाबलेली असेल तर पॅच बसणार नाही, आधी उलगडावी लागेल.

मेमरीवाला
तरी फाइल्स ४० करून बघाच.

रामबाग_इंदूर
मावशी, चाललं! दाबलेलीच होती, उलगडून पॅच केली आणि लग्नकुंडली आली. बाबा खुर्ची ओढून बसलेत. फक्त डॉट मॅट्रिक्सवर प्रिंट फार फिकी येतेय, सेटिंग असतं का?

ग्वाल्हेरचा_अभि
रिबन वाळली असेल. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये विचारा, जुनी रिबन सोबत न्या.