अनुभव धागा: घरच्या ट्रॉलीवरून काढलेला शॉट

घरी बनवलेल्या ट्रॉलीवर, म्हणजे कॅमेरा ठेवून सरकवायच्या चाकांच्या गाडीवर, काढलेल्या व्हिडिओंची आपली स्पर्धा आटोपली. नियम मोजकेच होते: ट्रॉली स्वतःच्या हातची, व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत, आणि निदान एक शॉट मधे न कापता वीस सेकंदांचा. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, निकालावरून रुसवेफुगवेही झाले. पण परीक्षक म्हणून बघताना सारखं वाटत होतं की खरी गंमत चौकटीबाहेर राहून गेली. ढकलत कोण होतं? चाकं कुठली? रूळ कशावर टेकवले? तेवढं इथे सविस्तर लिहा. कॅमेरा कुठला ते नाही लिहिलं तरी चालेल, त्यावर बोलायला जगात बक्कळ जागा आहे.

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. चाकांमुळे बिघडलेले शॉट फार थोडे होते. बहुतेक गडबड रूळ म्हणून टाकलेल्या पाइपांच्या जोडावर, नाहीतर थांबताना. कॅमेरा शेवटी मागे डोलतो आणि सगळ्यावर पाणी पडतं.

इचलकरंजी, लेथवाला

जोडाचा विषय निघालाच आहे तर मीच सुरुवात करतो. माझी ट्रॉली साधी आहे. स्केटबोर्डची चाकं, आत 608 बेअरिंग, म्हणजे 8 मिमी भोक आणि 22 मिमी बाहेरचा व्यास. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. अ‍ॅल्युमिनियम अँगलच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक बसवलं की दोन चाकं एकमेकांशी काटकोनात येतात आणि पाइपाला दोन्ही अंगांनी धरून चालतात. असे चार अँगल, वर 18 मिमीची प्लाय. झाली ट्रॉली.

आता जोड. पीव्हीसी पाइपांवर बाहेरून कपलर चढवला की चाकाला पायरी लागते आणि कॅमेरा उडतो. म्हणून पाइपाच्या आत घट्ट बसेल असा लाकडी दांडका लेथवर उतरवला, अर्धा या पाइपात, अर्धा त्या पाइपात. कापलेल्या कडेची बूर कानशीने काढायची आणि जोडावरून नख फिरवून बघायचं. नख अडलं तर चाकही अडणार. पाइप भिंतीला तिरके टेकवून उन्हात ठेवू नका, चैत्रातल्या उन्हात त्यांची केळी होतात. आडवे, सावलीत.

व्हिडिओ मागाच्या शेडचा होता. माग चालू असले की फरशीच थरथरते, त्याला चाकं काय करणार? रुळांखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. थरथर पूर्ण गेली नाही, पण बघवेल इतकी कमी झाली. वाइड लेन्स ठेवली हेही एक कारण. टेलीवर, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर, तोच शॉट लावून बघितला, धोटा कुठला आणि सूत कुठलं, कळेना.

डोंबिवली

आमच्याकडे ट्रॉली बनवायला जागा नाही, बनवलीच तर ठेवायला नाही. सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आणलेली व्हीलचेअर मात्र पडून होती. परीक्षकांना आधीच विचारलं होतं, ही चालेल का? म्हणाले, तिच्यावर स्वतः काही काम केलं असेल तर धरू. मग पायठाणं काढून तिथे फळी लावली, फळीवर कॅमेरा, अगदी जमिनीलगत. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी कॅमेरामन राऊल कुतार यांनी 1959 साली पॅरिसमध्ये व्हीलचेअरवर बसून शूटिंग केलं होतं आणि ढकलायला स्वतः गोदार होते. आमच्याकडे ढकलायला अहो होते. चपला काढायला लावल्या, कारण चटक-चटक आवाज रेकॉर्ड व्हायचा.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी पुढच्या लहान चाकांकडे लक्ष द्या. खुर्ची मागे ओढून पुन्हा पुढे ढकलली की ती चाकं आधी गर्रकन वळतात आणि शॉटची पहिलीच फ्रेम वाकडी जाते. म्हणून मागे गेल्यावर वीतभर पुढे सरकवायची, चाकं सरळ झाली की मग रेकॉर्डिंग चालू. मोठ्या चाकांत हवा असेल तर थोडी कमी करा, टाइल्सच्या सांध्यांचा ठणका कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

शॉट दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. तिथे आई (सासूबाई) खाली बसून बिरड्याचे वाल सोलत होत्या. "माझ्या अंगावर घालताय की काय," हे त्यांचं वाक्य आम्ही मुद्दाम ठेवलं. बक्षीस त्या वाक्याला मिळालं, असं अहोंचं ठाम मत आहे. ट्रॉलीला नाही.

कोल्हापूर, लग्नाचे व्हिडिओ काढतो

लग्नात ट्रॉली लावली की पहिली पाच मिनिटं पोरंच तिच्यावर बसून फिरतात, त्यामुळे वजन पेलतं की नाही हे आपोआप तपासलं जातं. स्पर्धेला मात्र मी आमच्या तालमीत गेलो. कुस्तीच्या हौद्यात रूळ टाकायचं नाव काढलं तर वस्ताद नुसते बघत राहिले. तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती माती राखलेली असते, तिच्यात माझे पाइप कोण घालू देणार! रूळ हौद्याच्या कडेने कट्ट्यावर मांडले. ते उलट बरंच झालं. मधे खांब आले, खांबांमागून लढत सरकताना दिसू लागली. जवळची वस्तू भरभर आणि लांबची सावकाश सरकते, तेव्हाच ट्रॉली हलते आहे हे बघणाऱ्याला कळतं. मोकळ्या मैदानात चाळीस फूट रूळ टाकूनही एवढा परिणाम येत नाही.

माती उडून बेअरिंगमध्ये जातेच. घरी येऊन रॉकेलमध्ये बुडवून, वाळवून, शिलाई मशीनचं तेल. ग्रीस भरू नका, माती धरून बसतं.

कुणीतरी म्हणालं होतं की हे सगळं जुगाड आहे. असू दे की! याच गावात बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास कॅमेराच घरी बनवला होता.

गुहागर

आमचं थोडक्यात. सारवलेलं अंगण, पाइप रुतायचे. अ‍ॅल्युमिनियमची शिडी आडवी टाकली, खाली जांभ्याचे चिरे आणि फणसाच्या लाकडाच्या पाचरा, आणि शिडीवरून ट्रॉली. लेव्हलला गवंड्याची पाण्याची नळी. चाकं करकरली तर टाल्कम पावडर.

पुणे, सदाशिव पेठ

मी ढकलणाऱ्यांच्या विरोधात आहे. माणूस सावकाश ढकलूच शकत नाही. माझी ट्रॉली तळहाताएवढी, तीन चाकांची, टेबलावर चालणारी, आणि तिला ओढते जुन्या मायक्रोवेव्हच्या फिरत्या तबकडीची मोटर. ती मिनिटाला साधारण 5 फेरे घेते. 10 मिमी जाडीच्या कांडीवर दोरा गुंडाळत गेलं की ट्रॉली मिनिटाला 16 सेंमीच्या आसपास सरकते. वेग हवा असेल तर कांडी जाड करा, बाकी काही बदलावं लागत नाही.

या मोटरची एक खोड आहे. चालू केल्यावर ती कुठल्या दिशेने फिरेल हे तीच ठरवते. त्यामुळे आधी फिरवून दिशा बघायची, मगच दोरा अडकवायचा. अनेक मोटरी थेट 230 व्होल्टवर चालतात, उघड्या वायरी टेबलावर लोळत ठेवू नका. शूटिंग कशाचं, तर चकलीच्या सोऱ्याचं. परीक्षकांनी "विषय फारसा नाही" असा शेरा मारला. विषय नाही? भाजणी बिघडली की काटे येत नाहीत, ते त्यात स्पष्ट दिसतं!

न्यू जर्सी

गराज सेलमध्ये मिळालेल्या इनलाइन स्केट्सची चाकं आणि मंडळाच्या गणपतीची मखर, एवढ्यावर आमचा व्हिडिओ. एकच भर घालतो. भारतात वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. इकडे 60 हर्ट्झ आहे, 1/60 ठेवा. मखरीच्या दिव्यांच्या माळांना मात्र हा नियम लागू पडेलच असं नाही, आधी तपासून घ्या.

लेथवाल्या दादांना एक विचारायचं होतं. तो लाकडी दांडका पाइपात चिकटवता की नुसता बसवता? आमच्याकडे थंडीत सैल होतो.

इचलकरंजी, लेथवाला

एका बाजूला स्क्रू, दुसरी बाजू मोकळी. चिकटवलात तर रूळ गाडीत मावणार नाहीत. सैल होत असेल तर दांडक्यावर इन्सुलेशन टेपचा एक वेढा.