‘हस्तांतरित सरकार’ की ‘सोपीव विषय’? स्कॉटलंडच्या प्रश्नोत्तरांसाठी शब्द हवेत

खारीबिस्कीट
एडिनबराच्या संसदेतल्या प्रश्नोत्तरांवर मराठीत एक लेख लिहितेय. अधिवेशन चालू असलं की दर गुरुवारी दुपारी बाराला सदस्य तिथल्या फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, प्रश्न विचारतात. आरोग्य, घरं, वाहतूक अशा खात्यांच्या मंत्र्यांची पाळी वेगळी असते. माझं घोडं अडलंय ‘डिव्हॉल्व्ड गव्हर्न्मेंट’पाशी, म्हणजे लंडनच्या संसदेने काही विषयांचा कारभार ज्याच्याकडे दिलाय त्या सरकारपाशी. एके ठिकाणी ‘हस्तांतरित सरकार’ वाचलं. सरकार काय सातबाऱ्यावरची जमीन आहे हस्तांतरित व्हायला? दुसरीकडे ‘विकेंद्रित सरकार’, तिसरीकडे ‘प्रांतिक सरकार’. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

टिपणकार
नवा शब्द घडवायची गरज नाही, शंभर वर्षांपूर्वीचा तयार आहे. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आठवा. मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली आणि खात्यांचे दोन गट झाले. पोलीस, न्याय, जमीन महसूल ही राखीव खाती; सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती. राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे, सोपीव खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. शाळेच्या इतिहासात आपण हे घोकलेलं आहे. या वाटणीच्या नियमांचं इंग्रजी नावच ‘डिव्होल्यूशन रूल्स’ होतं.

आता १९९८चा स्कॉटलंड कायदा उघडा. पाचव्या परिशिष्टात ‘रिझर्व्ड’ विषयांची यादी आहे: परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन वगैरे. म्हणजे आपला ‘राखीव’ जसाच्या तसा. उत्तर आयर्लंडच्या कायद्यात तर ‘ट्रान्स्फर्ड’ हाच शब्द आहे, अगदी १९१९सारखा. एकाच साम्राज्याच्या कचेरीतली ही भाषा आहे, त्यामुळे मराठी प्रतिशब्दही बसतात.

तेव्हा ‘सोपीव विषय’ आणि ‘राखीव विषय’. सरकारला मात्र कुठलंच विशेषण लावू नका, नुसतं ‘स्कॉटलंड सरकार’ म्हणा. सोपवलेले असतात ते विषय. सरकार कुणी सोपवलेलं नाही, ते लोकांनी निवडलेलं आहे.

आडवाट
टिपणकार, शब्द झकास, पण दोन हरकती.

पहिली. १९१९ला राखीव आणि सोपीव दोन्ही एकाच प्रांतात, एकाच इमारतीत नांदत होते. स्कॉटलंडमध्ये राखीव म्हणजे लंडनच्या संसदेकडे. वाचकाला तळटीप द्यावी लागेल.

दुसरी जास्त महत्त्वाची. स्कॉटलंडच्या कायद्यात सोपीव विषयांची यादीच नाही. राखीव काय ते लिहिलंय, उरलेलं सगळं आपोआप एडिनबराचं. आरोग्य, घरं, शिक्षण ही नावं त्या परिशिष्टात नाहीत म्हणून ती त्यांची! मग ‘सोपीव’पेक्षा ‘उर्वरित’ जास्त बरोबर नाही का?

‘विकेंद्रित’ मात्र नको हे मान्य. विकेंद्रीकरण म्हटलं की आपल्याला जिल्हा परिषद आठवते. ‘प्रांतिक’ तर स्कॉटिश माणसासमोर म्हणूच नका. ते स्वतःला राष्ट्र समजतात.

टिपणकार
‘उर्वरित’ने डोळ्यासमोर येतो तो उर्वरित महाराष्ट्र, विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषासकट. :) शिवाय यादी असो-नसो, अधिकार आले लंडनच्या कायद्यातून, आणि त्याच कायद्याच्या २८व्या कलमात लिहिलंय की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा लंडनच्या संसदेचा अधिकार अबाधित आहे. जानेवारी २०२३मध्ये लिंगओळखीच्या मान्यतेबद्दलचं स्कॉटिश विधेयक लंडनने ३५व्या कलमाखाली अडवलं, ते तसं पहिल्यांदाच घडलं. देणाऱ्याचा हात वर राहतो, ही छटा ‘सोपीव’मध्ये बरोबर येते.

मांडवीकाठ
गोंयकारांना हे पटकन कळेल. १९८७मध्ये घटक राज्य होईपर्यंत गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. विधानसभा होती, मुख्यमंत्री होते, तरी दिल्लीची सावली होतीच. आजचं उदाहरण हवं तर दिल्लीच घ्या. विधानसभा आहे, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन तिच्या हाताबाहेर. महाराष्ट्राशी तुलना केलीत तर वाचक फसेल, कारण राज्यांचे अधिकार थेट राज्यघटनेतून आलेत.

खारीबिस्कीट
‘सोपीव विषय’ घेतला. पुढची अडचण. तिथल्या वरिष्ठ मंत्र्याचं पद ‘कॅबिनेट सेक्रेटरी’. मी ‘आरोग्य सचिव’ लिहिलं तर चालेल?

फाईलबहाद्दर
अजिबात नाही! मंत्रालयात काम केलेल्या माणसाचा सल्ला आहे. आपल्याकडे सचिव म्हणजे सनदी अधिकारी आणि ‘मंत्रिमंडळ सचिव’ म्हणजे दिल्लीतला सर्वांत वरिष्ठ बाबू. ‘आमदारांनी आरोग्य सचिवांना सभागृहात धारेवर धरलं’ हे वाक्य आमच्याकडे कुणी वाचलं तर चहाचा कप हातातून पडेल. सचिव अधिकाऱ्यांच्या कक्षात बसतो, चिठ्ठ्या पाठवतो, उत्तर मंत्रीच देतो. ‘आरोग्यमंत्री’ लिहा. तिथे ‘मिनिस्टर’ हा कॅबिनेट सेक्रेटरीच्या खालचा दर्जा, म्हणजे आपला राज्यमंत्री.

एमएसपींना, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेच्या सदस्यांना, ‘आमदार’ म्हणा, लंडनला जातात ते ‘खासदार’. मराठीची ही सोय इंग्रजीत नाही. (एमएसपी तसंच ठेवलंत तर आमचे शेतकरी वाचक हमीभावावरचा लेख समजून उघडतील.) उत्तर आयर्लंडात तर सदस्याला ‘एमएलए’च म्हणतात, आपल्यासारखं.

आडवाट
फर्स्ट मिनिस्टरला ‘मुख्यमंत्री’ चालेल. पण उत्तर आयर्लंडच्या ‘डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर’ला उपमुख्यमंत्री म्हणताना जपून. तिथे दोघांचे अधिकार समान आहेत आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. आपल्याकडच्या उपमुख्यमंत्र्यांना असा हेवा वाटावा. ‘सहमुख्यमंत्री’ जवळचा वाटतो.

खारीबिस्कीट
आता ‘हाउसिंग’. मे २०२४मध्ये स्कॉटलंड सरकारने ‘हाउसिंग इमर्जन्सी’ जाहीर केली. ‘गृहनिर्माण आणीबाणी’?

उंबरठा
‘गृहनिर्माण’मध्ये फक्त बांधकाम आहे. म्हाडा, सोडत, एफएसआय. स्कॉटलंडमधले प्रश्न वाचून पाहा: भाडं किती वाढवता येईल, तात्पुरत्या निवाऱ्यात मुलं किती दिवस राहणार, भिंतींची बुरशी कोण काढणार, नगरपालिकेचं घर रिकामं का पडलंय. यात वीट रचायचा मुद्दा एखादाच. खात्याचं नाव म्हणून ‘गृहनिर्माण’ ठेवा, कारण वाचकाला ओळखीचं आहे. प्रश्नाचं वर्णन करताना ‘घरांचा प्रश्न’, ‘घरटंचाई’ असं साधं लिहा. ‘आणीबाणी’ने मराठी माणूस थेट १९७५ला पोचतो. ‘घरांबाबत आणीबाणीची स्थिती’ म्हटलं तर धार राहते आणि गैरसमज टळतो.

‘होमलेस’लाही सरसकट ‘बेघर’ लिहिताना थांबा. आपला बेघर फुटपाथवर झोपतो. तिथल्या कायद्यात डोक्यावर छप्पर असलेला, पण तिथे राहणं असुरक्षित असलेला माणूसही त्यात मोडतो. एकदा खुलासा करून मग ‘बेघर’ वापरा. आकडे वाचून लोक म्हणतील, एवढे लोक रस्त्यावर? तसं नाही ते.

आणि इथेच टिपणकारांची जोडी कामाला येते. घरं सोपीव, पण भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा मोठा भाग राखीव. त्यामुळे आमदाराने विचारायचं घराचं आणि मंत्र्याने बोट दाखवायचं लंडनकडे, हा प्रकार चालतो. दोन शब्दांतला फरक वाचकाला आधी सांगितला नसेल तर त्या उत्तरातली मखलाशी कळणारच नाही.

मांडवीकाठ
वाहतुकीतही तेच. वेगमर्यादा सोपीव, वाहन चालवण्याचा परवाना राखीव. वेल्सने सप्टेंबर २०२३मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आणली, तेव्हा विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या.

शब्द म्हणाल तर खात्याला ‘परिवहन’, रस्त्यावरच्या गर्दीला ‘वाहतूक’. स्कॉटलंडमध्ये बेटं असल्याने ‘फेरी’वरचे प्रश्न फार. ‘नौकासेवा’ नको, ‘फेरीबोट’ लिहा. पणजी-बेतीला आम्ही तेच म्हणतो आणि ती चालवतं नदी परिवहन खातं. तिथल्या ‘ग्लेन सॅनॉक्स’ या फेरीबोटीचं जलावतरण नोव्हेंबर २०१७मध्ये झालं, खिडक्यांच्या जागी चक्क रंगवलेल्या खिडक्या होत्या, आणि प्रवासी घेऊन ती निघाली जानेवारी २०२५मध्ये. यावर आमदारांनी किती प्रश्न विचारले असतील याची कल्पना करा.

खारीबिस्कीट
रेल्वेच्या ‘पीक फेअर्स’? ते सप्टेंबर २०२५पासून कायमचे रद्द झालेत.

मांडवीकाठ
‘गर्दीच्या वेळचं जादा भाडं’. लांब आहे, पण लोकलवाल्याला लगेच कळेल.

फाईलबहाद्दर
आरोग्यात ‘डिलेड डिस्चार्ज’ येईलच. ‘विलंबित मुक्तता’ वगैरे लिहू नका, तो तुरुंग वाटतो. पेशंट बरा झालाय, पण घरी बघायला सेवा नाही म्हणून खाट अडून राहिलीय. ‘रखडलेला डिस्चार्ज’ लिहा, ‘डिस्चार्ज’ला मराठीत पर्याय शोधायची हौस नको.

टिपणकार
क्रियापदाचं कुणीच बोललं नाही. प्रश्न ‘विचारणं’, जाब ‘विचारणं’, ‘धारेवर धरणं’, ‘फैलावर घेणं’ या चढत्या पायऱ्या आहेत. ‘जाब’ अरबी ‘जवाब’मधून आलाय, म्हणजे मुळात नुसतं उत्तर, मराठीत त्याला फौजदाराचा सूर लागला. सत्ताधारी पक्षाचाच आमदार ‘माझ्या मतदारसंघातल्या रुग्णालयाबद्दल मंत्री काही सांगतील का’ असं विचारतो, तिथे ‘जाब’ लिहिलात तर खोटं होईल. तो मंत्र्याला खुर्ची पुढे करतोय. विरोधी नेत्याच्या गुरुवारच्या प्रश्नाला ‘जाब’ शोभतो.

खारीबिस्कीट
म्हणजे वाक्य असं: ‘घरं हा सोपीव विषय असल्याने आमदारांनी गृहनिर्माणमंत्र्यांना घरटंचाईबद्दल जाब विचारला, भाड्याच्या मदतीचा विषय राखीव असल्याचं सांगत मंत्र्यांनी लंडनकडे बोट दाखवलं.’ पुढच्या प्रश्नांना ‘उपप्रश्न’. आणि मंगळवारी जे तातडीचे विषय घेतात, त्याला ‘लक्षवेधी’ म्हणू?

फाईलबहाद्दर
वाक्य छान. ‘लक्षवेधी’ नको. ती सूचना असते, मंत्री आधी निवेदन करतो आणि मग प्रश्न येतात. तिथे प्रश्नच निवडून घेतात. ‘तातडीचे प्रश्न’ पुरे.