वजन किलोत की न्यूटनमध्ये? दहावीच्या पोरीने अडकवलंय

गंगापूररोडची_आई
मुलगी दहावीला, सायन्सचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. काल काट्यावर उभी केली, ४५ आलं, मी म्हटलं वजन ४५ किलो, तर म्हणे आई हे वस्तुमान, वजन ४४१ न्यूटन. मग काटा काय खोटं बोलतो का विचारलं तर तिलाही सांगता येईना. जड वस्तू लवकर का पडत नाही तेही कळत नाही आणि घनतेचं तर आमच्या दोघींचंही बोंबललंय. सूत्रं पाठ आहेत तिची, ती नका सांगू प्लीज, घरातलं काहीतरी सांगा.

रिटायर्ड_मास्तर
ताई, काटा खोटं नाही बोलत, थोडा आगाऊपणा करतो. त्याला कळतं फक्त पाय किती जोरात दाबतायत ते, पण तो पृथ्वीवरच वापरणार असं धरून आतल्या आत ९.८ ने (पृथ्वी एका किलोला जेवढे न्यूटन ओढते तो आकडा) भागून आकडा किलोत दाखवायची सोय केलेली असते. तोच काटा चंद्रावर नेला तर पोरगी साडेसात किलोच्या आसपास भरेल, एक घास कमी न खाता. पण भाजीवाल्याची जुनी तागडी तिथेही ४५ च सांगेल, कारण माप आणि माल दोन्ही सारखेच हलके होतात. बाजारात आपण वजन म्हणतो ते वस्तुमानच असतं, पेपरात मात्र न्यूटनच लिही म्हणावं, फुकट मार्क जातात.

दिंडोरीचा_बागवाला
मास्तरांचं बरोबर, पण वस्तुमान कळायचं तर हातगाडी ढकला. सीझनला आम्ही द्राक्षाचे क्रेट रचून शेडमधून टेम्पोपर्यंत नेतो, सपाट कोबा, सगळा भार चाकांवर, आपल्याला उचलायचं काहीच नाही, तरी पहिला धक्का मारताना कंबर मोडते आणि एकदा पळायला लागली की थांबवताना परत मोडते. कितीही ग्रीस लावा, हे जात नाही. तो हट्टीपणा म्हणजे वस्तुमान. पडायचंही तेच, दहापट जड दगडाला पृथ्वी दहापट ओढते पण तो हलायलाही दहापट आळशी, फिटला हिशेब. कागद मागे राहतो तो हवेमुळे. १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस सोबत सोडलं, सोबतच पडले, व्हिडिओ आहे, दाखवा तिला.

घनतेला द्राक्ष घ्या. साध्या पाण्यात मणी बुडतो. मीठ टाकत ढवळत जा, एका टप्प्याला वर येतो. मणी तोच, पाणीच तेवढ्या जागेत जास्त जड झालं. खरी गंमत म्हणजे आंबट मणी आधी वर येतो, गोड मागून, कारण तो साखरेने भरलेला. १८ ब्रिक्सचा, म्हणजे शेकडा १८ भाग साखर असलेला रस पाण्यापेक्षा साधारण ७ टक्के जड असतो.

सिडकोवाला
मग चंद्रावर मणी बुडणारच नाही ना, तिथे वजनच कमी

रिटायर्ड_मास्तर
बुडणार. मण्याचं वजन घटतं तसं पाण्याचंही घटतं, म्हणजे वर ढकलणारा जोरही तेवढाच घटतो. फक्त सावकाश बुडेल. अर्थात बंद खोलीत, उघड्यावर तिथे पाणी टिकायचंच नाही.

गंगापूररोडची_आई
केलं आत्ता! चार मणी वर आले, एक खालीच. पोरगी म्हणे हाच सगळ्यात गोड, आणि मी दुसरा चाखायच्या आत तिने तो खालचा धुवून खाऊन टाकला, आता तिच्यावर विश्वास ठेवायचा 😄