जलपर्णी काढली, पण ढीग कुठे टाकला?

यंत्र लावून नागपूरच्या अंबाझरी तलावातली जलपर्णी काढली की प्रश्न मिटतो, असं या चर्चेत कुणी म्हटलंय; ते मला अर्धंच पटतं. काढायला हवीच. पण काढलेला ढीग काठालाच ठेवला तर पावसाळ्यात त्यातली जिवंत रोपं परत पाण्यात जातात, आणि पोषक पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होणारी वनस्पती आहे ही. तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतं, म्हणून एकदा साफ केल्यावरही कोवळी रोपं फुलायच्या आधी वेचत राहावी लागतात. तलाव भरून वाहिला की ती नाग नदीतही उतरते.

घरच्या फिशटँकमधून तलावात सोडल्या जाणाऱ्या जीवांबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. फुटाळा तलावावर एक कुटुंब कानामागे लाल पट्टा असलेलं मोठं कासव पाण्यात सोडत होतं, पुण्यकर्म समजून. हे कासव मूळ अमेरिकेतलं. वीस-तीस वर्षं जगतं आणि आपल्या कासवांचं खाणं, ऊन घ्यायच्या जागा बळकावतं. समजावल्यावर त्यांनी ते परत नेलं. टँकमधलं पाणी, मासे, वनस्पती, काहीही तलावात ओतू नका. नको झालेले मासे दुकानदाराला विचारून परत द्या, नाहीतर ओळखीत कुणी पाळत असेल त्याला.