डॉन स्टेली खेळता खेळताच कॉलेजची कोच कशी काय झाली?

हूपवेडी:
काल रात्री २०२४ ची अमेरिकेतली मुलींची कॉलेज बास्केटबॉल फायनल परत बघत बसले, साऊथ कॅरोलायनाच्या मुलींनी आयोवाला ८७-७५ ने हरवलं ती, अख्ख्या सीझनमध्ये ३८ पैकी ३८ जिंकल्या! नंतर कोच डॉन स्टेलीबद्दल वाचलं तर कळलं की ती २००० ला टेम्पल युनिव्हर्सिटीची कोच झाली आणि प्लेअर म्हणून रिटायर झाली थेट २००६ ला. सहा वर्षं दोन्ही कसं जमवलं? मी अजून क्लबकडून खेळते आणि एका शाळेने मुलींना शिकवायला बोलावलंय, म्हणून विचारतेय.

बाऊन्सपास:
तारखा जुळतात गं. ती जिथे खेळायची ती डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची प्रोफेशनल लीग, तिथल्या उन्हाळ्यात असते आणि कॉलेजचा सीझन नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, त्यामुळे मॅचेस एकमेकींवर येत नाहीत, पण मग सुट्टी अशी उरतच नाही. आणि ती नुसती नावाला खेळत नव्हती हां, २००१ ला तिची शार्लट स्टिंग टीम सुरुवातीला १-१० होती, म्हणजे ११ पैकी १० हरलेल्या, आणि तिथून फायनलपर्यंत गेली! २००४ ला अथेन्सला अमेरिकेचा झेंडा घेऊन पुढे चालली आणि तिसरं ऑलिम्पिक गोल्ड घेऊन आली. तिकडे टेम्पलला ८ सीझनमध्ये ६ वेळा एनसीएए टूर्नामेंटमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत नेलं.

कोर्टाबाहेरचा:
माझ्या मते खरं कारण तिची पोझिशन. पाच फूट सहा इंच उंची, पॉइंट गार्ड, कोण कुठे उभं राहणार, बॉल कधी कोणाला द्यायचा हे सगळं तीच ठरवायची, अर्धं कोचिंग तिथेच झालं ना. आणि एक सल पण होती. कॉलेजात व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळताना सलग तीनदा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये, टायटल एकदाही नाही. १९९१ ची फायनल टेनेसीकडून ओव्हरटाइममध्ये ७०-६७ ने गेली, बेस्ट प्लेअर मात्र हीच ठरली, हरलेल्या टीममधून! ते कॉलेजचं टायटल शेवटी साऊथ कॅरोलायनाची कोच म्हणून मिळालं २०१७ ला. पर्ड्यू युनिव्हर्सिटीला १९९९ मध्ये हेच टायटल जिंकवणाऱ्या कोच कॅरोलिन पेकने तिला आपल्या जाळीचा तुकडा (जिंकलेली टीम बास्केटची जाळी कापून आठवण म्हणून ठेवते) देऊन ठेवला होता, जिंकलीस की परत कर म्हणून. तिने तो परत केला आणि नंतर स्वतःच्या जाळीचे तुकडे बाकीच्या ब्लॅक महिला कोचना पाठवले. हे वाचलं की मला अजूनही भरून येतं.

हूपवेडी:
जाळीचं माहीतच नव्हतं, थँक्यू दोघांना! भीती एकच आहे, मुली पहिल्याच वर्षी सगळ्या मॅचेस हरल्या तर शाळा मला ठेवेल का.

बाऊन्सपास:
स्टेलीचा साऊथ कॅरोलायनातला पहिला सीझन बघ, २००८-०९. १० जिंकल्या, १८ हरल्या. तू शाळेला आधीच सांगून टाक की निदान तीन वर्षं द्या, आणि तुझ्या क्लबच्या मॅचेसचं टाइमटेबल पण त्यांच्यासमोर ठेव.